एकहाती गाठ

येलंगाची माती लाल. म्हणून साखर कारखान्याच्या रुळाशेजारच्या चरात पडलेलं ते पांढरं कुत्रं किती रक्ताळलंय, हे अगदी जवळ जाईपर्यंत कळत नव्हतं. रूळ तपासत जाणाऱ्या माणसाने ते सोमवारी सकाळी पाहिलं, टोपी काढली आणि लेविना टोंगोआला फोन लावला.

दोनशे किलोमीटरच्या त्या पट्ट्यात जनावराच्या छळाची तक्रार आली की जायचं ते लेविनानेच. प्राणीरक्षण संस्थेची ती तिथली एकटी निरीक्षक. कुणी घोडा उपाशी मारला, कुणी मांजरीची पिल्लं पोत्यात घालून खाडीत सोडली, कुणा म्हातारीला कुत्र्याच्या औषधापुरती मदत हवी झाली, सगळ्याला हीच. वय सेहेचाळीस, बांधा दणकट, आवाज मोठा. रविवारी प्रार्थनामंदिरात ती गायला लागली की छपराचे पत्रे थरथरतात, असं तिचे मामाच म्हणायचे, आणि मामा तिथले पाद्री होते.

ती पोचली तेव्हा सिल्वियो बर्तोल्दी आधीच येऊन उभा होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर ऊसवाला. शनिवारी संध्याकाळी तो चर्चला गेला तेवढ्यात कुणीतरी अंगणातून त्याची कुत्री उचलून नेली होती. तिचं नाव ब्रिचोला, म्हणजे त्याच्या वाडवडिलांच्या भाषेत पावाचा चुरा. बायको गेल्यावर त्याच्या टेबलाखाली सांडलेला चुरा खायला घरात तेवढीच एक उरली होती. काल दिवसभर लेविना त्याच्याबरोबर शेत न् शेत हिंडली होती. आजची बातमी त्याच्या कानावर कशी गेली, देव जाणे. तो चराकडे पाठ करून, हॅट तोंडावर धरून उभा होता.

"तूच बघून सांग, पोरी. माझ्याच्याने वळवत नाही."

लेविना चरात उतरली. "तुमची नाही, काका. हा नर आहे. शाळेतल्या मिस प्रेंटिसचा म्हातारा कुत्रा."

सिल्वियो मटकन रुळावर बसला. छातीवर क्रूसाची खूण केली, आणि मग स्वतःचीच लाज वाटून म्हणाला, "तिचा निघाला म्हणून मी देवाचे आभार मानले बघ. काय माणूस आहे मी."

लेविना बघत होती. कुत्र्याच्या तोंडाभोवती रुपेरी चिकटपट्टीचे सहा वेढे घट्ट आवळलेले. गळ्याखालची कातडी फाटक्या बाहीसारखी लोंबत होती, आतल्या नळ्या उघड्या. एक कान मुळापासून नव्हता. पुढच्या पंजांची नखं उलटी मोडली होती, म्हणजे शेवटपर्यंत त्या जिवाने मागे सरकायची धडपड केली होती. आणि त्याला सरकता आलं नव्हतं, कारण मागचा पाय केशरी सुतळीने बांधलेला. गवताचे गठ्ठे बांधतात ती सुतळी, एका टोकाला कापलेली.

हे कशाचं काम, ते तिला सांगायला नको होतं. झुंजीची कुत्री तयार करणारे लोक नव्या कुत्र्याला रक्ताची चव लावायला घरातली पाळीव कुत्री चोरतात. चावू नये म्हणून तोंड बंद, पळू नये म्हणून पाय बांधलेला. मग सोडतात अंगावर.

पण तिचे कान वाजायला लागले ते त्याने नव्हे. ते सुतळीच्या गाठीने.

दोन वेढे, मग एक फास, आणि फासात खुपसलेलं सुतळीचं शेपूट. शेपूट ओढलं की गाठ सुटलीच. तिच्या घरात या गाठीला 'एकहाती' म्हणत. तिच्या पणजोबांना बेटावरून पकडून, जहाजात कोंबून इथे ऊस तोडायला आणलं होतं. त्यांचा डावा हात ऊस पिळायच्या चरकात कोपरापर्यंत गेला, आणि मुकादमाने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा कामावर उभं केलं. तेव्हा उरलेल्या एका हाताने बांधता यावी आणि सोडता यावी म्हणून त्यांनी ही गाठ बसवली. आजोबांनी या गाठीने होडी बांधली, वडिलांनी रानडुकराचे पाय. घराबाहेर ती फक्त एका माणसाला शिकवली गेली होती: वडिलांचा शिकारीतला जोडीदार मर्व्ह हॅलोरन. मर्व्ह आता नव्हता. त्याच्या मुलाचं नाव वेड.

आणि वेड हॅलोरनच्या अंगणात लेविना बरोबर सात दिवसांपूर्वी उभी राहून चहा पिऊन आली होती.

झालं होतं असं. निनावी फोन आला: हॅलोरनची कुत्री जखमी आहेत, डॉक्टरला दाखवत नाही. ती गेली. वेड तिच्या भावाच्या वर्गातला, लहानपणी तिच्या वेण्या ओढणारा. "लेव्ही, तू? मला वाटलं कोणीतरी शहरातली बया येईल आणि डुकराला डुक्कर म्हणायला घाबरेल," असं म्हणत त्याने खुर्ची पुढे केली होती. ओसरीवर रानडुकरांचे सुळे ओळीने टांगलेले. दोन कुत्री साखळीला. त्यातला एक पट्टेरी, रुंद छातीचा, बरगडीवर लांब चीर आणि ती घरीच स्टेपलने शिवलेली. तिकडे डुकराच्या शिकारीला कुत्री नेणाऱ्या घरांत ही नवलाई नाही. लेविनाच्या वडिलांनी स्वैपाकघराच्या टेबलावर मासे धरायच्या दोऱ्याने कितीतरी कुत्री शिवली होती, आणि दिवा धरायला लेविनाच असायची. तिने चीर पाहिली आणि तिला तिचं बालपण दिसलं.

पट्टेऱ्याच्या नाकाडावरही व्रण होते. वेड म्हणाला, काटेरी तारेत घुसला मूर्ख. ती हसली. चौदा दिवसांत डॉक्टरला दाखवा, अशी नोटीस लिहून तिने त्याच्या हातात दिली. पट्टेऱ्याने जाताना तिचा हात चाटला.

खाली वाकून तिने त्याचा ओठ वर केला नाही. पुढचे पाय चाचपले नाहीत. डुकराचा सुळा खालून वर फाडत जातो; कुत्र्याचा दात जोडीजोडीने भोकं पाडतो, आणि ती भोकं असतात तोंडावर आणि पुढच्या पायांवर. हे तिने कितीतरी नव्या निरीक्षकांना शिकवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा उभ्या उभ्या पाहून आली, कारण माणूस ओळखीचा आणि जखम ओळखीची.

त्या भेटीच्या आदल्याच दिवशी, रविवारी, ओबेदमामांनी प्रवचन गायलं होतं. मामा प्रवचन बोलत नसत, गात. एक ओळ ते टाकत, दुसरी लोक उचलत, आणि मधल्या जागेत पाय ठेका धरत. त्या दिवशी ते मुकादमावर गायले. घोड्यावर बसून मुकादम डोकी मोजायचा, मंडळी. रोज सकाळी डोकी बरोबर भरायची. पण घोड्यावरून पाय दिसतात का? कुणाच्या पायाला रक्त आहे ते दिसतं का? आणि मग सगळं मंदिर:

"वाक रे माझ्या लेका, वाक;
खालचं ऐकायचं तर वाक."

लेविना सगळ्यांत मोठ्याने गात होती. ओळ आपल्यासाठी आहे हे तिला चरात गुडघ्यावर बसल्यावर कळलं.

तिने गाठीचे फोटो काढले, सुतळी पिशवीत घातली आणि थेट सार्जंट टिंडलकडे गेली. काहीही न लपवता सगळं सांगितलं, आपण लिहिलेल्या नोटिशीसकट. टिंडल हाडाचा सावकाश माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की एका गाठीवर वॉरंट मागणं म्हणजे न्यायाधीशाला हसायला बोलावणं. पण तो मागणार. हॅलोरन दरवर्षी कपच्या दिवशी मोठं मटण भाजतो, पंधरावीस गाड्या येतात, हे टिंडललाही ठाऊक होतं. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, म्हणजे उद्याच. मेलबर्नमध्ये घोड्यांची शर्यत सुटते आणि साऱ्या देशाचं काम थांबतं. येलंगाच्या घड्याळात तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. पोलीस रस्त्यांवर गाडीवाल्यांच्या तोंडाला दारू तपासायच्या नळ्या लावत असतात, शेतकरी क्लबात, बायका टोप्या घालून जेवणावळीला. रेडिओ एवढा मोठा की शेजारी माणूस ओरडला तरी ऐकू जाऊ नये. यापेक्षा चांगला मुहूर्त झुंजीला कुठला?

ठरलं ते असं: टिंडल चार शिपाई घेऊन दीड वाजता येणार. तोवर लेविनाने उसाच्या बांधावरून नुसती नजर ठेवायची. आत पाऊल टाकायचं नाही. सिल्वियोने घरी बसायचं.

"घरी बसून काय करू?" सिल्वियोने विचारलं होतं.

"प्रार्थना करा."

"ती काय, ट्रकमध्ये बसूनपण होते," असं काहीतरी तो पुटपुटला. लेविनाने तेव्हा लक्ष दिलं नाही. तिने एवढंच विचारलं, की ब्रिचोला भुंकते कशी? म्हाताऱ्याने भुंकून दाखवलं. दोन आखूड, एक लांब. जेवणाच्या टेबलाशी काही मागितल्यासारखं.

मंगळवारी बारापासून लेविना उसात होती. तोडणी संपत आलेली, आजूबाजूची शेतं उघडी. हॅलोरनच्या यंत्रशाळेभोवती तेवढा एक उभा तुकडा. वेडने तो का ठेवला होता, ते आता कळत होतं. गाड्या आल्या, बर्फाच्या पेट्या उतरल्या. मटण खरंच भाजत होतं, कांद्याचा वास तिच्यापर्यंत येत होता. पावणेदोनला टिंडलचा फोन आला: हमरस्त्यावर दारूच्या नशेत दोन गाड्या आपटल्या आहेत, माणसं आत अडकली आहेत, त्याला यायला अजून पाऊण तास. तू जागची हलू नकोस. नियम आहे, एकटीने आत जायचं नाही. ती बरं म्हणाली.

आणि मग ते आलं. यंत्रशाळेच्या पत्र्यामागून. दोन आखूड, आणि तिसरं लांब जे सुरू झालं ते मध्येच कापलं गेलं. चिकटपट्टी लावल्यावर जसं कापलं जातं तसं.

लेविना अर्धा मिनिट तशीच उभी राहिली. जनावर मरायच्या बेतात असेल तर निरीक्षकाला वॉरंटशिवाय आत जाता येतं, हा कायदा. एकटीने जाऊ नये, हा संस्थेचा नियम. तिने कायदा धरला. देवाला म्हणाली, मी एकदा उभ्या उभ्या पाहून आले, आता मला नीट वाकव. कमरेला पाचर होती, कुत्र्याचा जबडा उघडायची, लाकडाची, वीतभर. तिने ती चाचपली आणि चालू लागली.

आत पंधराएक माणसं, सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे. ऊस वाहायच्या वाघिणींच्या जाळ्या उभ्या करून मध्ये कुंपण केलेलं, जमिनीवर जुना गालिचा, त्यावर तपकिरी डागांवर नवे लाल डाग. रेडिओवर घोडे सुटले होते, बोलणाऱ्याचा आवाज चढत होता. कुंपणाच्या मधोमध खुंट्याला मागच्या पायाने बांधलेली ब्रिचोला, तोंडाला रुपेरी पट्टी, अंग एवढं थरथरत होतं की खाली गालिचा हलताना दिसत होता. वेडने एका काळ्या पोरसवदा कुत्र्याचा पट्टा धरला होता. त्याने तो सोडला.

काळा एकाच झेपेत ब्रिचोलाच्या पुढच्या पायावर बसला. हाड मोडल्याचा आवाज रेडिओच्या वर ऐकू आला. बंद तोंडातून जे निघालं त्याला भुंकणं म्हणता येणार नाही, ओरडणं म्हणता येणार नाही. नाकातून रक्ताचे बुडबुडे आले. काळा डोकं झटकू लागला आणि कुत्री चिंधीसारखी उचलली जाऊन आपटू लागली. कुणीतरी हसलं.

लेविनाने जाळीवर हात टाकला आणि उडी घेतली. मंदिरात लावते त्या आवाजात तिने आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि सगळ्यांनी आहात तिथे उभं राहा म्हणाली. रेडिओ सोडून सगळं गप्प झालं. मग माणसं धावायला लागली. दार एक, माणसं पंधरा. एकमेकांना कोपरं मारत, बर्फाच्या पेट्यांवरून कोलमडत.

वेड धावला नाही. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता.

"लेव्ही, बाहेर हो," तो म्हणाला, अगदी शांतपणे. "तू चहा पिऊन गेलीस, कागद लिहून गेलीस. चौदा दिवस दिलेस ना? मग अजून सहा माझे आहेत."

"माझ्या बापाच्या गाठीने बांधलीस तिला," लेविना म्हणाली.

त्याने दांडा फिरवला. तिने डावा हात वर केला म्हणून डोकं वाचलं. मनगटाच्या वर दोन्ही हाडं एकदम तुटली, हात नको तिथे वाकला. ती गुडघ्यांवर कोसळली. दुसरा फटका पाठीत बसला, तिसरा खांद्यावर. पुढे तिला आठवायचं ते एवढंच, की खाली आल्यावर सगळं तोंडासमोर होतं. काळ्याचा जबडा, ब्रिचोलाचा पाय, सुतळी, गाठ. उभं असताना यातलं काहीच इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

उजव्या हाताने तिने पाचर काढली, काळ्याच्या मागच्या दाढांमध्ये घातली आणि पिळली. जबडा सुटला. ढोपराने तिने त्याला बाजूला रेटलं. तो पुन्हा येणार हे तिला माहीत होतं, आणि ब्रिचोला बांधलेली होती, आणि हात एकच होता.

पणजोबांना एकच हात होता.

तिने शेपूट ओढलं. गाठ सुटली.

ब्रिचोला तीन पायांवर, चौथा ओढत, जाळीखालच्या फटीतून घुसून उजेडात गेली. काळा तिच्यामागे निघाला तसा लेविनाने त्याचा पट्टा पकडला आणि त्याच्यावर अंग टाकलं. त्याच वेळी कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून पट्टेरी सुटला. आठ दिवसांपूर्वी हात चाटणारा तोच. त्याच्यासमोर गालिचा होता, रक्त होतं, खाली पडलेला एक जीव होता. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. त्याने तिचा मोडका हात तोंडात धरला आणि झटकला. लेविना किंचाळली, तेव्हा रेडिओवरचा माणूसही किंचाळत होता. घोडे शेवटच्या वळणावर होते.

वेडने दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. तिने डोळे मिटले नाहीत. दांडा आला, आणि मध्ये पट्टेऱ्याचं डोकं आलं. ओल्या नारळासारखा आवाज झाला. हातावरचा जबडा सैल पडला.

वेड आपल्या कुत्र्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "चार हजारांचा कुत्रा होता," तो म्हणाला, आणि दांडा टाकून उसात पळाला.

पळणाऱ्या बाकीच्यांची गोष्ट वेगळीच झाली. हॅलोरनच्या शेतातून बाहेर यायला एकच गाडीवाट, दोन्ही बाजूंना पुरुषभर खोल चर. त्या वाटेवर सिल्वियो बर्तोल्दीने आपला जुना ट्रक आडवा लावून ठेवला होता आणि तो आत बसून जपमाळ ओढत होता. गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजले. ट्रक हलव म्हाताऱ्या, असं सांगून झालं. त्याने कानाला हात लावला. मग म्हणाला की हलवतो, पण वय झालं, चावी कुठे ठेवली आठवत नाही. एकाने त्याला खाली ओढून तोंडावर गुद्दा हाणला. सिल्वियोची कवळी चरात उडाली. "आता तीपण शोधा," तो जमिनीवरून म्हणाला.

तेवढ्यात उसाच्या कडेने काहीतरी सरपटत येताना त्याला दिसलं. त्याने शर्ट काढला आणि तो रांगत पुढे गेला. टिंडल शिपायांसह पोचला तेव्हा म्हातारा बनियनवर, रक्ताने माखलेल्या तोंडाने, शर्टात गुंडाळलेली कुत्री पोटाशी धरून धुळीत बसला होता. गाड्यांमधली माणसं आपापल्या गाड्यांत बसून होती. जायला जागा कुठे होती? चावी त्याच्या मोज्यात निघाली. वेडला संध्याकाळी आईच्या घरी, पलंगाखालून काढला.

लेविनाने हात बांधून घेतला, पण इस्पितळात राहिली नाही. ती जनावरांच्या डॉक्टर हेस्टर यांच्याकडे गेली. आतल्या खोलीत ब्रिचोलाचा पाय खांद्यापासून काढून झाला होता. बाहेरच्या खोलीत फरशीवर पट्टेरी होता. कवटी तडकलेली, एक डोळा बाहेर, पण श्वास चालू. डॉक्टर म्हणाल्या की वाचवला तरी झुंजीचं जनावर म्हणून कायद्याने मारावंच लागेल, आणि वाचणं कठीणच. कागदावर निरीक्षकाची सही लागते.

त्या कुत्र्याबद्दल तिने सही केलेला हा दुसरा कागद. पहिल्यात चौदा दिवस होते. आज आठवा.

सही करून ती खाली बसली. पाठ वाकत नव्हती, तरी वाकली. पट्टेऱ्याचा ओठ तिने अंगठ्याने वर केला. हिरड्या फाटलेल्या, दोन सुळे मोडलेले. पुढच्या पायांवरून बोटं फिरवली. जोडीजोडीने भोकं, जुनी, नवी, एकावर एक. सगळं तिथेच होतं. आठ दिवसांपूर्वीही तिथेच होतं. डॉक्टरांनी सुई लावली. लेविनाने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काही म्हणाली, काय ते डॉक्टरांना ऐकू आलं नाही. तिचा हात चाटण्याइतका जीव त्याच्यात नव्हता. पण नाक तिच्या तळव्याकडे वळलं, आणि तसंच राहिलं.

शुक्रवारी टिंडल तिच्या घरी आला. ती पहिली नोटीस खटल्याच्या कागदांत घालायलाच हवी असं नाही, असं तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. हॅलोरनचा वकील तीच धरून बसेल: निरीक्षकबाईंनी स्वतः पाहिलं, त्यांना काही वावगं दिसलं नाही, मग आता काय? लेविनाने त्याला चहा दिला आणि नोटिशीची प्रत त्याच्यासमोर ठेवली. ती म्हणाली की हा कागद सगळ्यांत वर लावा. मिस प्रेंटिसलाही तिने आदल्या दिवशी जाऊन आपली चूक सांगितली होती. त्या बाईने दार लावून घेतलं, आणि ते तिचं बरोबर होतं.

रविवारी मंदिर भरलं होतं. लेविना मागच्या बाकावर, हात प्लास्टरमध्ये. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी दारात सिल्वियो दिसला. नवी कवळी अजून यायची होती, त्यामुळे गाल आत गेलेले. कडेवर ब्रिचोला, लहान मुलासारखी, खांद्याशी टाके. तो जन्माचा कॅथलिक. या पत्र्याच्या मंदिरात त्याने कधी पाय ठेवला नव्हता. तो दारातच घुटमळला.

"मी तुमच्यातला नाही," तो मामांना म्हणाला. "आणि ही तर कुत्री."

"तुमचं काय ते तुम्ही तुमच्या पाद्र्याशी बघा, सिल्वियो," ओबेदमामा म्हणाले. "हिचा बाप्तिस्मा अजून कुठेच झालेला नाही. हिला बसू दे."

लोक हसले. सिल्वियो लेविनाशेजारी बसला आणि कुत्रीला त्याने बाकाखाली, सावलीत ठेवलं. तिला बांधलं नव्हतं. तो हळूच म्हणाला की घरातल्या सगळ्या दोऱ्या त्याने जाळून टाकल्या, कपडे वाळत घालायचीसुद्धा.

मामांनी गायच्या आधी लेविनाला विचारलं, काही सांगायचं आहे का. तिने उभं राहून नोटीस वाचून दाखवली. तारीख, पत्ता, जखमेचं वर्णन, चौदा दिवस, सही. मग म्हणाली, "मी घोड्यावरून पाहिलं." एवढंच. ती बसली. मामांनी तिची समजूत घातली नाही, की शाबासकीही दिली नाही. त्यांनी जुनीच ओळ टाकली, पण या वेळी हळू, आणि लोकांनी ती उचलली.

लेविनाला गाता येईना. सिल्वियोने खिशातून पावाचा तुकडा काढून तिच्या चांगल्या हातात चुरला. ती बाकावरून उतरून फरशीवर बसली, मग आडवीच झाली, प्लास्टरचा हात छातीशी घेऊन, आणि उघडा तळवा तिने बाकाखाली सरकवला. ब्रिचोला गुरगुरत मागे सरकली. भिंतीला टेकली. तिथून तिने हाताकडे पाहिलं, हाताच्या मालकिणीकडे पाहिलं, आणि पुन्हा हाताकडे.

वर गाणं चाललं होतं. ते संपलं, आशीर्वाद झाला, लोक बाहेर जेवायला गेले, भांड्यांचा आवाज येऊ लागला. लेविना तशीच खाली होती, तळवा उघडा. कुत्री अजून भिंतीशीच होती. पण आता गुरगुरत नव्हती, आणि तिची मान मघापेक्षा दोन बोटं पुढे आली होती.